मुखरोग आणि शरीरस्वास्थ्य : ‘परिणाम’ या शब्दाची चिकित्सा

१. प्रश्नाचे स्वरूप

नांदेड जिल्ह्याच्या ईशान्य भागातील हिमायतनगर, म्हणजेच जुन्या नावाचे वाढोणा, हे मुदखेड–आदिलाबाद लोहमार्गावरील तालुक्याचे गाव. उत्तरेस पैनगंगा व तिच्यापलीकडे यवतमाळ जिल्हा, पूर्वेस किनवट, दक्षिणेस भोकर आणि थोड्याच अंतरावर तेलंगणाची सीमा. या टापूतील बाजारात मराठी, दखनी, गोरमाटी, तेलुगू आणि गोंडी या भाषा एकाच दिवशी कानी पडू शकतात. ‘दात’ या वस्तूची येथील नावे दोन कुळांत विभागलेली आहेत. मराठी, दखनी व गोरमाटी यांतील शब्द संस्कृत ‘दन्त’ या शब्दाच्या वंशातले. तेलुगूतील ‘पन्नु’ (अनेकवचन ‘पळ्ळु’) आणि गोंडीतील ‘पल’ हे द्राविडी कुळातले. नावे दोन कुळांची असली तरी वस्तू एकच, आणि तिच्या दुखण्याकडे पाहण्याची रीतही बव्हंशी एकच आहे.

ती रीत मराठीपुरती पाहावयाची तर रोजच्या बोलण्यात सापडते. ताप आलेला मनुष्य ‘मी आजारी आहे’ असे म्हणतो; दाढ ठणकत असलेला मनुष्य ‘दाढ दुखते आहे’ एवढेच म्हणतो. पहिल्या वाक्याचा कर्ता मनुष्य, दुसऱ्याचा कर्ता अवयव. दाताचे दुखणे हे दाताचे, माणसाचे नव्हे, अशी ही वाटणी आहे. वैद्यकानेही हीच वाटणी केली. १८४० साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे दंतशल्यचिकित्सेचे स्वतंत्र महाविद्यालय निघाले व दंतवैद्यक हे सामान्य वैद्यकापासून निराळे होत गेले. भारतात डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास पहिले दंतमहाविद्यालय काढले, १९४८ साली दंतवैद्यांसाठी वेगळा कायदा झाला. अभ्यासक्रम वेगळा, पदवी वेगळी, दवाखानाही वेगळा.

अलीकडे या वाटणीविरुद्ध एक वाक्य वारंवार ऐकू येते : ‘दातांच्या आरोग्याचा संपूर्ण शरीरावर परिणाम होतो.’ जागतिक आरोग्य सभेने २०२१ साली मुखारोग्याविषयी ठराव केला आणि २०२२ च्या जागतिक अहवालात सुमारे साडेतीनशे कोटी माणसांस कोणता ना कोणता मुखरोग असल्याचे नमूद झाले. तेव्हा हे वाक्य दुर्लक्षणीय नाही. परंतु ते जितके खरे आहे तितकेच संदिग्धही आहे. ‘परिणाम’ हा शब्द सांख्यांच्या परिभाषेत दुधाचे दही व्हावे तसे रूपांतर सुचवितो. आजच्या मराठीत तो कोणत्याही संबंधाला लावला जातो. शिवाय ‘अमक्याचा तमक्यावर परिणाम होतो’ या वाक्याची घडणच अशी आहे की षष्ठीतील पद आपोआप करणारे ठरते व ‘वर’ लागलेले पद सोसणारे ठरते. वस्तुतः मुख आणि शरीर यांच्यामधील संबंध किमान चार प्रकारचे आहेत : कार्यकारण, अन्योन्य, समानमूल आणि लिंग, म्हणजे खूण. हे चार संबंध एका शब्दाखाली झाकले गेले म्हणजे उपाय चुकतात. ही चूक केवळ शब्दाची राहत नाही, ती माणसाच्या शरीरावर उमटते, हे प्रस्तुत लेखात दाखवावयाचे आहे.

२. मुखाची रचना

मुख हे शरीराचे द्वार आहे, आणि ते कधीच रिकामे नसते. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात मुखाची सात अधिष्ठाने मानून पासष्ट रोग सांगितले आहेत : ओठांचे ८, दंतमूलांचे १५, दातांचे ८, जिभेचे ५, टाळूचे ९, कंठाचे १७ व सर्व मुखाचे ३. या गणनेत दातांचे रोग आठ आणि दंतमूलांचे त्याच्या जवळजवळ दुप्पट आहेत, ही गोष्ट लक्षणीय आहे. दातापेक्षा दात जेथे रुजला आहे ती जागा अधिक रोगास्पद असते, हे त्या निरीक्षकांना ठाऊक होते असे म्हणावयास हरकत नाही.

दातांच्या रोगांत तेथे ‘कृमिदन्तक’ हा एक रोग आहे. मराठीतही ‘दाताला कीड लागली’ असेच म्हणतात. हा कृमी डोळ्यांना दिसेल असा नसतो. १६८३ साली डेल्फ्ट येथील लेव्हेनहूकने स्वतःच्या दातांवरचा पांढरा थर भिंगाखाली धरला तेव्हा त्यास हालणारे सूक्ष्म जीव दिसले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विलोबी मिलर याने हे सूक्ष्म जीव पिष्ट व शर्करा यांपासून आम्ल तयार करतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो, असे दाखविले. तेव्हा ‘कीड’ हा शब्द टिकला तरी अर्थ पालटला पाहिजे : कीड बाहेरून येऊन दात कुरतडीत नाही, खाल्लेल्या गोडाचे मुखातच आम्ल होते.

मुखात जीवाणूंच्या सातशेहून अधिक जाती आढळल्या आहेत. त्यांतील बहुतेक निरुपद्रवी असतात. दात व हिरडी यांच्या सांध्यावर त्यांचा चिकट थर साचतो, वेळीच निघाला नाही तर तो कठीण होतो; त्यासच किटण म्हणतात. किटणाने हिरडी सुजते, रक्त येते, हिरडी दातापासून सुटते व मध्ये खळगा पडतो. ज्यास लोक ‘पायोरिया’ म्हणतात तो हा रोग. या खळग्याच्या आतील अस्तर व्रणयुक्त असते. हिरड्यांच्या या रोगात दाहयुक्त पृष्ठभाग साधारणतः ८ ते २० चौरस सेंटिमीटर भरतो, असे अनुमान २००१ साली प्रसिद्ध झाले. हाताच्या कातडीवर एवढी उघडी जखम असती तर कोणीही महिनोन् महिने स्वस्थ बसला नसता. हिरडीची जखम ओठाआड असते, फारशी दुखतही नाही, म्हणून ती वर्षानुवर्षे तशीच राहते.

३. पहिला संबंध : कार्यकारण

या जखमेतून जीवाणू रक्तात जातात, याविषयी आता शंका नाही. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन प्रयोगात २९० व्यक्तींचे रक्त तपासण्यात आले. केवळ दात घासल्यानंतर २३ टक्के व्यक्तींच्या रक्तात, आणि प्रतिजैविक न देता दात काढल्यानंतर ६० टक्के व्यक्तींच्या रक्तात हृदयाच्या अंतःस्तरदाहाशी निगडित असे जीवाणू आढळले. निरोगी माणसाचे शरीर हे जीवाणू काही मिनिटांत नाहीसे करते. परंतु हृदयाची झडप आधीच बिघडलेली असेल तर ते तेथे रुजू शकतात आणि हृदयाचा हा प्राणघातक रोग उद्भवतो. बालपणीच्या संधिवाताच्या तापाने झडपा बिघडलेली माणसे आपल्या देशात आजही आहेत. त्यांच्या बाबतीत दातांची निगा ही हृदयाचीच निगा होय. दात घासल्यानेही जीवाणू रक्तात जातात म्हणून दात घासू नयेत असा मात्र याचा अर्थ नाही. हिरडी जितकी निरोगी तितका हा शिरकाव कमी.

दुसरे उदाहरण खालच्या दाढेचे. किडलेल्या दाढेच्या मुळाशी पू होऊन तो जबड्याखालून गळ्याच्या भागात पसरला तर जिभेखालची जागा सुजते, जीभ वर उचलली जाते व श्वासमार्ग कोंडतो. लुडविग या जर्मन वैद्याने १८३६ साली या विकाराचे वर्णन केले. येथे रोगाचा प्रवास पावलोपावली दाखविता येतो : दाढ, जबडा, गळा, श्वास. दाढदुखीसाठी लवंग धरून आठवडा काढणारा मनुष्य आणि गळा सुजून मान वळत नाही, गिळता येत नाही अशा स्थितीतील मनुष्य यांच्यामध्ये कधीकधी एक-दोन दिवसांचेच अंतर असते. ज्या गावापासून मोठे रुग्णालय काही तासांच्या वाटेवर आहे तेथे हे अंतर ओळखता येणे म्हणजे प्राण वाचणे होय.

तिसरे उदाहरण वृद्धांचे. अंथरुणास खिळलेल्या माणसाच्या तोंडातील जीवाणू लाळेबरोबर फुप्फुसात उतरतात व न्यूमोनिया होतो. जपानमधील अकरा वृद्धाश्रमांत दोन वर्षे केलेल्या व १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्यांची मुखस्वच्छता परिचारिका प्रत्येक जेवणानंतर करीत होत्या त्यांच्यांत न्यूमोनियाचे प्रमाण ११ टक्के, तर इतरांत १९ टक्के होते. घरातील आजीच्या तोंडात एकही दात उरला नसला तरी तिच्या हिरड्या व जीभ ओल्या स्वच्छ फडक्याने पुसावयास हव्यात, हा या अभ्यासाचा घरगुती अर्थ.

दात पडल्याने होणारी हानीही याच सदरात येते. चावता न आल्यामुळे भाकरी, शेंगदाणे, फळे मागे पडतात व पातळ, मऊ पदार्थ उरतात. ‘दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत’ ही म्हण म्हातारपणीच्या कुपोषणाचे यथार्थ वर्णन आहे. उच्चारही बदलतात. मराठीत ‘चार’मधील तालव्य च आणि ‘चाक’मधील दंत्य च यांत भेद आहे, ‘जाळे’, ‘झाड’ यांतील आद्य वर्णही दंत्यच. पुढच्या दातांचा आधार गेला म्हणजे हे वर्ण व सकार यांचा घर्षणध्वनी विस्कटतो. बोळक्या तोंडाचा म्हातारा चारचौघांत कमी बोलू लागतो. बोलणे कमी होणे हीदेखील स्वास्थ्याचीच हानी आहे.

४. कार्यकारणाचा अतिरेक

कार्यकारणसंबंध काही रोगांत सिद्ध झाला की तो सर्व रोगांत आहे असे वाटू लागते. लंडनचे वैद्य विल्यम हंटर यांनी १९०० साली मुखातील पूतिदोष हे अनेक रोगांचे कारण असल्याचे मांडले व १९१० साली माँट्रियल येथील व्याख्यानात त्याचा जोरदार पुरस्कार केला. त्यातून पुढे अशी समजूत फोफावली की संधिवातापासून वेडापर्यंत सर्व व्याधींचे मूळ दातांत दडलेले असते. त्या काळी असंख्य निरोगी दात उपटले गेले. अमेरिकेत न्यू जर्सीतील ट्रेंटन येथील मनोरुग्णालयाचे प्रमुख हेन्री कॉटन यांनी वेड बरे करण्यासाठी रुग्णांचे दात आणि नंतर आतड्याचे भागही काढले. त्यांतील अनेकजण दगावले. ‘परिणाम होतो’ या वाक्याचा अर्थ तपासला गेला नाही म्हणजे काय घडते, याचे हे भीषण उदाहरण होय.

आज संशोधक अधिक सावध आहेत. हिरड्यांचा रोग असणाऱ्यांत हृदयविकार अधिक आढळतो, हे अनेक पाहण्यांत दिसून आले आहे. तथापि अमेरिकन हृदयरोग संघटनेने २०१२ साली उपलब्ध पुराव्याचा परामर्श घेऊन असे म्हटले की, इतर ज्ञात घटक वगळूनही साहचर्य आढळते. परंतु हिरड्यांच्या रोगामुळे रक्तवाहिन्यांचा हा विकार होतो असे सिद्ध झालेले नाही. गर्भवतींच्या बाबतीतही असेच घडले. हिरड्यांचा रोग व अकाली प्रसूती यांचे साहचर्य १९९६ साली नोंदविले गेले. पण ८२३ गर्भवतींवरील २००६ च्या प्रयोगात हिरड्यांच्या उपचाराने अकाली प्रसूतीचे प्रमाण कमी झाले नाही. गर्भवतीच्या हिरड्यांवर उपचार करू नये असे यातून निघत नाही. ते उपचार निर्धोक असल्याचेच दिसले. निघते ते एवढेच की, दोन गोष्टी एकत्र नांदतात म्हणून एक दुसरीची जननी ठरत नाही. साहचर्य आणि कार्यकारणभाव यांतील हा भेद नैयायिकांनी फार पूर्वी काटेकोरपणे केला होता.

५. दुसरा संबंध : अन्योन्य

मधुमेहाच्या बाबतीत संबंध दुहेरी आहे. रक्तातील शर्करा वाढलेली असली की जखम लवकर भरत नाही, जंतूंशी झुंजण्याची शक्ती कमी होते व हिरड्यांचा रोग बळावतो. हॅराल्ड लो यांनी १९९३ साली हिरड्यांच्या रोगास मधुमेहाचा सहावा उपद्रव म्हटले ते याचमुळे. उलट दिशेने, हिरड्यांतील दीर्घकालीन दाहामुळे रक्तात दाहजनक द्रव्ये फिरत राहतात, इन्सुलिनचे कार्य मंदावते व शर्करा आवरणे कठीण जाते.

ही उलट दिशा कितपत प्रबळ आहे याविषयी मतभेद होते. ५१४ रुग्णांवरील २०१३ सालच्या एका मोठ्या प्रयोगात हिरड्यांच्या उपचाराने शर्करेच्या मानात फरक पडला नाही. परंतु २०२२ साली अनेक प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन समीक्षेत, उपचारानंतर तीन ते चार महिन्यांनी एच.बी.ए.वन.सी. हे मान सरासरीने ०.४३ टक्क्याने उतरल्याचे दिसून आले. हा फरक मोठा नाही, तरी क्षुल्लकही नाही. औषधाची जागा हिरड्यांच्या सफाईने भरून निघणार नाही. मात्र औषधास तिची जोड मिळू शकेल.

अशा संबंधाचे वर्णन ‘दातांचा मधुमेहावर परिणाम होतो’ किंवा ‘मधुमेहाचा दातांवर परिणाम होतो’ यांपैकी कोणत्याही एका वाक्याने होत नाही. मधुमेह्यास ‘हिरड्यांतून रक्त येते काय?’ असे विचारणे आणि हिरड्या सुजलेल्या मध्यमवयीन माणसास ‘शर्करा तपासली आहे काय?’ असे विचारणे, ही एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत.

६. तिसरा संबंध : समानमूल

काही वेळा मुख व शरीर यांपैकी कोणीच दुसऱ्यास बिघडवीत नाही. तिसरेच एक कारण दोघांस एकदम बिघडविते. महाराष्ट्रात या सदरात पहिले नाव तंबाखूचे घ्यावे लागते. २०१६–१७ च्या देशव्यापी पाहणीनुसार राज्यातील प्रौढांपैकी २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू घेत होते आणि त्यांतील बहुसंख्य ती न ओढता तोंडात धरणारे होते. या पाहणीच्या आधीच, २०१२ साली, राज्यात गुटख्यावर बंदी आली होती.

मिश्रीचे प्रकरण भाषेच्या दृष्टीने विशेष उद्बोधक आहे. तंबाखू ‘खातात’, विडी ‘ओढतात’, पण मिश्री ‘लावतात’. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड बोटाने दातांस व हिरड्यांस लावायची, त्या क्रियेचे नाव ‘दात घासणे’. क्रियापदाने तिला व्यसनाच्या यादीतून उचलून स्वच्छतेच्या यादीत बसविले. राखुंडीच्या शेजारी मिश्रीचा डबा ठेवला गेला. पुरुषापुढे तंबाखू मळण्यास जी स्त्री संकोचेल तीच सकाळ-संध्याकाळ आणि मधल्या वेळीही निःसंकोचपणे मिश्री लावते, कारण तिच्या भाषेत ती तंबाखू घेतच नसते. ‘तुम्ही तंबाखू खाता काय?’ या प्रश्नास तिचे ‘नाही’ हे उत्तर प्रामाणिक असते.

शरीरास मात्र या क्रियापदाचे सोयरसुतक नाही. हिरडीवाटे निकोटीन रक्तात जाते. मुंबईतील १,२१७ गर्भवतींचा पाठपुरावा करून २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात धूरविरहित तंबाखू घेणाऱ्या स्त्रियांच्या, आणि त्यांत मिश्री लावणाऱ्याच अधिक होत्या, नवजात बालकांचे वजन सरासरीने १०५ ग्रॅमने कमी भरले. येथे हिरडीही बिघडते व गर्भही; पण हिरडी बिघडल्यामुळे गर्भ बिघडतो असे नव्हे. मूळ एकच आहे, ते डब्यात आहे.

सुपारीचेही असेच. मुंबईचे डॉ. एस. जी. जोशी यांनी १९५३ साली टाळू व घशाच्या कडांच्या अस्तराखाली तंतू वाढून तोंड आखडण्याचा विकार वर्णिला. सुपारी चघळणे हे त्याचे मुख्य कारण. प्रथम तिखट सोसत नाही, मग तोंड पुरते उघडत नाही, तीन बोटांऐवजी दोन, पुढे एकच बोट शिरते. घास लहान होतो व शरीर वाळते. या विकारातून कर्करोगही उद्भवू शकतो. २००४ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना नुसत्या सुपारीसही कर्करोगजनक ठरविले. ज्यांच्या भाषेत ‘सुपारी दिली’ हे निमंत्रणाचे आणि पाहुणचाराचे वाक्य आहे त्यांना हा निर्णय पचविणे कठीण जावे, हे स्वाभाविक आहे.

७. चौथा संबंध : लिंग

डोंगरावर धूर दिसला तर तेथे अग्नी आहे असे अनुमान होते; पण धूर हे अग्नीचे कारण नव्हे, ते त्याचे लिंग होय. मुखातील कित्येक बदल असेच खूण म्हणून वाचावयाचे असतात. वारंवार ‘तोंड येणे’ ही पुष्कळदा जीवनसत्त्वांच्या न्यूनतेची खूण असते. पांढरट हिरड्या व जीभ रक्तक्षयाकडे बोट दाखवितात. इनामगाव येथील ताम्रपाषाणयुगीन अस्थींचा अभ्यास करताना डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी दातांकडे विशेष लक्ष दिले ते याचसाठी. बालपणी उपासमार वा दीर्घ आजार झाला तर दंतवल्काच्या घडणीत खंड पडतो आणि ती खूण तीन हजार वर्षांनंतरही वाचता येते.

हिमायतनगरच्या परिसराला अत्यंत जवळची अशी खूण मात्र पाण्याची आहे. नांदेड जिल्ह्यात दख्खनच्या काळ्या पाषाणाची कड येते व काही भागांत प्राचीन ग्रॅनाइट उघडा पडतो. शेजारच्या किनवट भागातील भूजलात फ्लोराइडचे प्रमाण अनेक ठिकाणी मर्यादेहून अधिक आढळले आहे. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात एका लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड ग्राह्य असते. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत चालवून घेता येते. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यात उघड्या विहिरींच्या जोडीस विंधनविहिरी आल्या. खोल खडकातील पाणी दीर्घकाळ खडकाच्या सान्निध्यात राहिलेले असते, म्हणून त्यात फ्लोराइड अधिक उतरण्याचा संभव असतो. एकाच गावातील दोन विहिरींच्या पाण्यातही फार अंतर असू शकते.

फ्लोराइड अल्प प्रमाणात दातास बळकटी देते. अधिक झाले की दंतवल्क घडत असतानाच ते सच्छिद्र राहते. प्रथम दातांवर खडूसारखे पांढरे पट्टे दिसतात, पुढे ते पिवळे व तपकिरी होतात. अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे १९०१ साली फ्रेडरिक मॅके या तरुण दंतवैद्यास असे डाग आढळले. त्यांचे कारण फ्लोराइड हे निश्चित होण्यास १९३१ साल उजाडले. भारतात १९३७ साली तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यात हाच दोष हाडांतही आढळल्याचे प्रसिद्ध झाले : पाठ ताठ होते, मान वळत नाही, गुडघे आखडतात.

येथे एक महत्त्वाची गोष्ट आहे. दंतवल्क सुमारे आठ वर्षांच्या वयापर्यंत घडते. त्यानंतर कितीही फ्लोराइड पोटात गेले तरी दातांवर हा डाग पडत नाही; हाडांत मात्र ते साचतच राहते. म्हणून दातावरचा डाग हा मनुष्य आज कोणते पाणी पितो हे सांगत नाही, बालपणी कोणते पाणी प्याला ते सांगतो. लग्न होऊन आलेल्या सुनेचे दात तिच्या माहेरच्या विहिरीची साक्ष देतात, सासरच्या नव्हे. याउलट जिचे दात स्वच्छ आहेत अशी सून सासरच्या दूषित पाण्याने पुढे पाठीच्या दुखण्याने जखडली, तर तिच्या दातांत त्याची कसलीही पूर्वसूचना मिळणार नाही. ती सूचना तिच्या मुलांच्या दातांत मिळेल.

आता चुकीच्या वाचनाचा परिणाम पाहावा. तपकिरी दातांच्या मुलीस ‘दात घासत जा’ असे सांगितले जाते. डाग हा मळ नव्हे, तो दाताच्या घडणीतच आहे, हे सांगणाऱ्यास ठाऊक नसते. ती अधिक घासू लागते. राखुंडीने जात नाही म्हणून कोणीतरी मिश्री सुचविते. मिश्रीने डाग जात नाही, काळिम्याखाली झाकला जातो, आणि सवय लागते. पाण्याच्या खुणेस अस्वच्छतेची खूण मानल्यामुळे एक मुलगी तंबाखूपर्यंत पोचते. विहिरीचे पाणी मात्र तपासले जात नाही व धाकटी भावंडे तेच पाणी पीत राहतात. चौथा संबंध पहिल्यासारखा वाचला की तिसरा संबंध निर्माण होतो, तो असा.

८. उपसंहार

चार संबंधांचे चार उपाय आहेत. कार्यकारण असेल तेथे दातावर वेळीच उपचार केला की शरीर वाचते. अन्योन्य असेल तेथे दोहोंकडे एकदम पाहावे लागते. समानमूल असेल तेथे दात कितीही दुरुस्त केले तरी मूळ कारण सुटल्याखेरीज भागत नाही. आणि लिंग असेल तेथे दाताकडे पाहून विहिरीकडे जावे लागते : पाणी तपासून घ्यावे, दुसऱ्या विहिरीचे वा नळाचे पाणी मिळते का पाहावे, किंवा नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तुरटी व चुना यांच्या साहाय्याने फ्लोराइड काढण्याची जी नळगोंडा पद्धत बसविली तिचा उपयोग करावा. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट आटलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण वाढते, हेही सांगितले पाहिजे.

भाषाभ्यासाचे यात एक निश्चित काम आहे. आरोग्यविषयक पाहण्यांच्या प्रश्नावल्या पुष्कळदा प्रमाण मराठीत तयार होतात व बोलींत विचारल्या जातात. ‘आपण तंबाखूचे सेवन करता काय?’ हा प्रश्न मिश्री लावणाऱ्या स्त्रीपर्यंत पोचत नाही. ‘आपले दात किडलेले आहेत काय?’ या प्रश्नात डागाळलेला दात व किडलेला दात यांची गल्लत होते. ‘सध्या पिण्याचे पाणी कोठून आणता?’ हा प्रश्न दातांच्या डागाच्या संदर्भात निरर्थक आहे. त्याऐवजी ‘सकाळी दातांना काय लावता?’, ‘हा डाग दात आला तेव्हापासून आहे की नंतर पडला?’, ‘लहानपणी पाणी कोणत्या विहिरीचे होते?’ असे विचारले तर उत्तरे निराळी येतील. हिमायतनगरसारख्या बहुभाषिक तालुक्यात हेच प्रश्न गोरमाटी, दखनी, तेलुगू व गोंडी यांतही त्या त्या भाषेच्या क्रियापदांनिशी घडवावे लागतील.

दात हा शरीराचा अवयव आहे ही गोष्ट कोणी नाकारीत नाही. ‘माझी दाढ दुखते आहे’ या वाक्यातून ‘मी आजारी आहे काय?’ या प्रश्नापर्यंत जाणे एवढेच बाकी आहे. कधी त्याचे उत्तर ‘होय’ असेल, कधी ‘नाही’, आणि कधी ‘तुम्ही नाही, तुमची विहीर’ असे असेल. ही तीन उत्तरे वेगवेगळी ओळखता आली म्हणजे ‘परिणाम’ हा शब्द निर्धास्तपणे वापरावयास हरकत नाही.